सुमो, इनोव्हा, हायक्रॉस: चालवणारीचा रिव्ह्यू

टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचे रिव्ह्यू पायलीला पन्नास आहेत, पण बहुतेक सगळे दोन दिवस चालवून परत दिलेल्या गाडीचे. आमची घरची आहे. झेडएक्स-ओ, म्हणजे सगळ्यात वरचं मॉडेल, हायब्रिड, सात सीटची. चालवते मी. ह्यांना गाडी येते, पण स्टिअरिंगवर बसलं की झोपही येते, त्यामुळे लांबचा प्रवास लग्नानंतर लवकरच माझ्या वाट्याला आला आणि माझ्याकडेच राहिला.

निकाल आधीच सांगून टाकते. गाडी चांगली आहे, पैसे वाया गेले नाहीत. फक्त ब्रोशरमध्ये ज्यांचे पानभर फोटो आहेत त्या गोष्टींनी पैसे वसूल केलेले नाहीत; ज्यांना तिथे एखादी ओळ मिळाली आहे त्यांनी केले आहेत. आणि दुसरं म्हणजे, ही गाडी बसणाऱ्यांची आहे. चालवणाऱ्याचं काम तिने हलकं केलं, पण त्याच्या हातातलं बरंचसं काढूनही घेतलं. मी आधी जे चालवलं त्याच्या शेजारी ठेवूनच हे सांगता येईल.

आमचं सांगलीत हळद-बेदाण्याचं अडत दुकान. सासऱ्यांनी १९९७ मध्ये सुमो घेतली, पुण्यातच बनणारी, टाटांची. दोन लिटरचं डिझेल इंजिन, ताकद ७० अश्वशक्तीच्या आतली, पॉवर स्टिअरिंग नाही. सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. घाई केली की पांढरा धूर आणि शेजाऱ्यांचा खोकला. गल्लीत यू-टर्न घ्यायचा म्हणजे खांद्यापासून जोर लावावा लागे. मागे समोरासमोर दोन बाक, त्यांवर माणसं बसली तर माणसं, नाहीतर बेदाण्याचे बॉक्स. टपावर कॅरियर. हळदीचा वास त्या गाडीच्या सीटांतून शेवटपर्यंत गेला नाही.

२००९ मध्ये इनोव्हा आली, अडीच लिटर डिझेलची, १०२ अश्वशक्तीची. सुमोनंतर ती गाडी म्हणजे चैन वाटली: स्टिअरिंग बोटाने फिरतंय, मागच्या रांगेलाही एसीचा वारा येतोय. आणि तरीही ती साधीच होती. क्लच, गिअरचा दांडा, ओढायचा हँडब्रेक, एसीला तीन गोल बटणं. रस्त्यावरची नजर न काढता सगळं हाताला सापडायचं. २०२४ मध्ये तिला १५ वर्षं झाली. पुढे ठेवायची तर पासिंग करून आरसी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. तसं केलं असतं तर चाललीही असती, इंजिनात काही खोट नव्हती. पण सासूबाईंचे गुडघे आणि मुलीकडे आलेलं लहान बाळ, या दोघांनी मिळून निर्णय घेतला.

किंमत. डिसेंबर २०२२ मध्ये हायक्रॉसचे भाव जाहीर झाले तेव्हा सगळ्यात खालचं मॉडेल १८.३० लाख आणि वरचं २८.९७ लाख होतं, एक्स-शोरूम. नंतर ते चढत गेले. वर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आणि विमा. ऑन रोड आकडा ऐकून ह्यांनी शोरूममधला चहा अर्धा ठेवला. या पैशात शहराजवळ प्लॉट येतो, असं ते म्हणाले. येतो. पण प्लॉटमध्ये बसून रत्नागिरीला जाता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, हायब्रिड. जुन्या इनोव्हाची सवय असलेल्या माणसाला सगळ्यात वेगळं हेच वाटणार. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, दोन्ही मिळून १८६ अश्वशक्ती. क्लच नाही, आणि नेहमीच्या अर्थाने गिअरही नाहीत. इंजिन आणि मोटर यांची ताकद एका गिअरसंचातून वाटली जाते आणि कधी कोण ओढणार हे गाडीच ठरवते. चार्जिंगला लावायची नसते. ब्रेक दाबला, उतार लागला की मोटर उलटं काम करून बॅटरी भरते. गणपती पेठेतल्या गर्दीत, विश्रामबागच्या सिग्नलला इंजिन बराच वेळ बंदच असतं. गाडी हलकं गुणगुणत पुढे सरकते आणि गल्लीत मधोमध झोपलेलं कुत्रं जागचं हलत नाही. सुमो येताना चौकातून कळायची, कुत्री काय, माणसंही बाजूला व्हायची.

ॲव्हरेजचं गणित इथे उलटं चालतं. डिझेल गाडी हायवेला जास्त देते, गावात कमी. ही गावात जास्त देते, कारण तिथे ब्रेक जास्त. कंपनीचा आकडा आहे लिटरला २३.२४ किलोमीटर. तो विसरा. मला सांगली-मिरजेत १७-१८ मिळतात, हायवेला शंभराच्या आसपास चालवलं तर १६, घाटात त्याहून कमी. जुनी इनोव्हा ११-१२ द्यायची. पेट्रोल डिझेलपेक्षा लिटरमागे दहा-पंधरा रुपयांनी महाग धरलं तरी फरक पडतो. मात्र कोणी 'पेट्रोलच्या बचतीत गाडीचे पैसे निघतात' असं सांगितलं तर त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

मला हायब्रिड आवडली ती ॲव्हरेजसाठी नाही, एसीसाठी. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. एप्रिलमध्ये मिरजेच्या दवाखान्यांबाहेर नातेवाइकांना घेऊन थांबणं काय असतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी इंजिन चालू ठेवायचं तर डिझेल जाळायचं आणि शेजारच्याच्या तोंडावर धूर सोडायचा, बंद ठेवायचं तर पेशंटला घाम. आता गाडी गप्प उभी असते आणि आत गार असतं. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप थोडा वेळ सुरू होतं, परत बंद होतं. सासूबाईंनी अख्ख्या गाडीत मनापासून कौतुक केलं ते याच गोष्टीचं.

घाटाची मजा मात्र वेगळीच. मलकापूर सोडून आंबा घाटातून साखरप्याला उतरताना सुमो दुसऱ्या गिअरला टाकायची आणि इंजिनावर सोडून द्यायची, ब्रेकवर पाय फक्त वळणापुरता. हे मला सासऱ्यांनी शिकवलं होतं. हायक्रॉस उतरताना आधी बॅटरी भरत जाते, गाडी छान धरून ठेवते. मग एका वळणावर, मी काहीच केलेलं नसताना, इंजिन मोठ्याने घुमायला लागतं. पहिल्यांदा आवाज ऐकून मागे बसलेले सगळे गप्प झाले. बिघाड काही नाही. बॅटरी भरली, आता ती जास्तीची वीज ठेवणार कुठे, म्हणून गाडी इंजिन फिरवून तो जोर जिरवते. म्हणजे सासऱ्यांचं दुसरं गिअरच ते, फक्त टाकणारं माणूस बदललं. स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, त्यांनी मीही थोडं रोखू शकते, आणि घाटात मी ती वापरतेच. चढताना उलटा प्रकार: पाय दाबला की इंजिन एकदम वरच्या सुरात जातं आणि वेग आपला सावकाश वाढतो. आवाज आणि वेग यांचं नातं ज्यांच्या कानात मुरलेलं आहे त्यांना हे खटकत राहणार. मला अजून खटकतं.

आमचे मिरजेचे मिस्त्री चाचा. सुमो आणि इनोव्हा दोन्ही त्यांनी सांभाळल्या. सुमोने एकदा डिझेल संपून एअर घेतली होती, तर फोनवरून सांगून त्यांनी माझ्याकडून फिल्टरवरचा हातपंप मारून घेतला, स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत एअर काढायला लावली आणि दहा मिनिटांत गाडी चालू झाली. तेव्हा मी साडीत होते. नवीन गाडी त्यांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं, काळं प्लॅस्टिकचं झाकण आणि जाड नारिंगी वायरी बघितल्या आणि हात मागे घेतला. "वहिनी, ह्यात आपल्याला बघायला काय ठेवलंच नाही." बरोबर होतं त्यांचं. नारिंगी वायर म्हणजे हाय व्होल्टेज, तिथे शिकलेल्या माणसानेच हात घालावा. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, ती कामं मोटरच करते. त्यामुळे धक्का मारून चालू करणे हा प्रकार संपला. हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली असली तरी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर गाडी 'रेडी' होतच नाही. लग्नसराईत वा गावाला जाऊन महिनाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं आणि जंपर केबल डिकीत टाकावी.

मोठ्या बॅटरीची सगळे भीती घालतात. ती निकेल-मेटल हायड्राइडची आहे, या जातीच्या बॅटऱ्या टोयोटा जगभर फार वर्षांपासून वापरते, आणि कंपनी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते. माझी भीती बॅटरीची नाहीच. माझी भीती ही की आता माझ्या गाडीबद्दल मला काहीही कळण्यासाठी कोणाचा तरी कॉम्प्युटर लागतो. इनोव्हाचा पट्टा किरकिरला की मला कळायचं. क्लच प्लेट जायला आली की महिनाभर आधी पायाला कळायचं. ही गाडी दुखणं अंगावर दाखवत नाही, थेट पडद्यावर मजकूर लिहिते.

आता सीटा. मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या आहेत, बटणाने मागे झुकतात आणि पिंढऱ्यांखाली आधार वर येतो. शोरूममध्ये याच खुर्चीत बसवून माणसाला घोळात घेतात. खुर्ची आरामाची आहेच. सासूबाई पंढरपूरपर्यंत न उतरता जातात, आधी सांगोल्यालाच पाय मोकळे करायला थांबावं लागे. पण त्याहून मोठा फायदा चढण्या-उतरण्याचा आहे. सुमो आणि इनोव्हा या लोखंडी चासीवरच्या गाड्या, जमीन उंच. सुमोत चढायला सासूबाईंसाठी आम्ही लाकडी पाट ठेवायचो, उतरल्यावर तो उचलून आत टाकायचा. हायक्रॉसला वेगळी चासी नाही, आणि इंजिन पुढची चाकं ओढतं म्हणून खालून मागे जाणारा शाफ्टही नाही. त्यामुळे पाय ठेवायची जागा खाली आली. पाट देवघरात परत गेला. याचा फोटो ब्रोशरमध्ये नाही.

पिंढऱ्यांचा आधार पूर्ण उघडला की तिसऱ्या रांगेतल्याचे गुडघे हनुवटीला लागतात. म्हणजे एकाचा राजेशाही थाट दुसऱ्याच्या जिवावर. घरात याचं नियमन मलाच करावं लागतं.

आणि सामान. सातही सीट उभ्या असतील तर मागे उरते ३०० लिटर जागा. सात माणसं आणि सात माणसांचं सामान, हे गणित या गाडीत बसत नाही. मे महिन्यात रत्नागिरीहून परत येताना आंब्याच्या पेट्या ठेवायच्या तर तिसरी रांग पाडावी लागते आणि दोन माणसं एसटीने पाठवावी लागतात. सुमोच्या टपावर पेट्या बांधून वर ताडपत्री ओढली की विषय संपला. हायक्रॉसच्या टपावर काय आहे? काच. भली मोठी, सरकणारी. सांगलीच्या उन्हात त्या काचेखालचा पडदा आम्ही ओढलेलाच ठेवतो. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं असतं तेव्हा दहा मिनिटं छान वाटतं, हे मान्य. नातवंडांना डोकं बाहेर काढायचं असतं आणि ते मी काढू देत नाही, म्हणून मी वाईट आजी झाले आहे. एवढंच त्या काचेचं आमच्या घरातलं काम.

जुन्या गाड्यांचं गुणगान ऐकताना एक गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात, म्हणून ती लिहिते. सुमोच्या मागच्या बाकांवर आम्ही लहान मुलं आडवी बसवून कोल्हापूर, जोतिबा, गोवा सगळीकडे नेली. पट्टा नाही, डोक्यामागे आधार नाही, मागचं दार म्हणजे एक पत्रा. आपल्याकडे चालकापुढची एअरबॅगच सक्तीची झाली २०१९ मध्ये. त्याआधी दोन दशकं आपण सगळे देवाच्या भरवशावर फिरलो. आमच्या हायक्रॉसमध्ये सहा एअरबॅग आहेत, घसरण सावरणारी यंत्रणा आहे, बाळाची खुर्ची अडकवायला मधल्या रांगेत आयसोफिक्सचे हूक आहेत. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून बघायच्या, चाचणीत गाडीला पाच तारे मिळाले. 'जुनं लोखंड मजबूत होतं' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. लोखंड मजबूत राहिलं तर धक्का आतल्या माणसाला बसतो. पत्रा चुरगळावा अशीच रचना असते.

झेडएक्स-ओ घेण्याचं माझं कारण रडार. एडास, म्हणजे रडार आणि कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी यंत्रणा, फक्त याच मॉडेलला मिळतं. पुढच्या गाडीशी अंतर राखून चालणारा क्रूझ, लेन धरून ठेवणं, समोर धडक होणार असं वाटलं तर स्वतःहून ब्रेक. पुणे-बंगळूर हायवेला क्रूझ मोकळ्या रस्त्यावर खरंच थकवा कमी करतो. पण तो सभ्य माणसासारखं अंतर सोडतो, आणि आपल्याकडे सोडलेलं अंतर म्हणजे दुसऱ्याला दिलेलं आमंत्रण. बाइकवाला शिरतो, गाडी वेग कमी करते, तेवढ्यात टेम्पो शिरतो. कराडच्या अलीकडे मी बटण बंदच करते. लेनचा आधार पट्टे स्वच्छ असतील तिथे ठीक, गावाकडच्या रस्त्याला पट्टेच नाहीत तर तो धरणार काय.

खरी परीक्षा आमच्याकडे नोव्हेंबरात सुरू होते, ऊसतोड लागली की. रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, असला तर धुळीने झाकलेला. समोरून येणाऱ्याचा प्रखर झोत डोळ्यात. अशा वेळी यंत्राने ब्रेक मारला तर मला हवाच आहे, पण मारेल म्हणून मी चालवत नाही. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस कॅमेऱ्याला काय दिसत असेल मला माहीत नाही. मी ताशी साठच्या आत असते, आणि हे सुमोत शिकलेलं आहे, तिचे दिवे इतके मिणमिणते होते की जास्त वेगाची हिंमतच होत नसे. आंधळ्या कोपऱ्यातली गाडी दाखवणारा आरशातला दिवा मात्र मला या सगळ्या सरंजामात सर्वांत उपयोगी वाटतो. आणि चारी बाजूंचा कॅमेरा. पावणेपाच मीटरहून लांब गाडी आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत घेते मी, दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा. आधी ह्यांना खाली उतरवून 'येऊ दे, येऊ दे' करायला लावायचे. ते 'येऊ दे' म्हणत आणि भिंत लागे.

टचस्क्रीनबद्दल एकच तक्रार, आणि ती आजकालच्या सगळ्याच गाड्यांबद्दल आहे. चालत्या गाडीत काचेवर नेमक्या जागी बोट टेकवायचं म्हणजे रस्त्यावरून नजर काढायची. एसीची बटणं इथे अजून खरी, दाबायची आहेत, त्याबद्दल आभार. मागच्या दाराचं विजेवर उघडणं चांगलं, हातात पिशव्या असतात तेव्हा. पण माझी बहीण ते हाताने ओढून बंद करायला जाते, ते अडतं, वाजतं, परत उघडतं. जुन्या सवयीच्या माणसांना घेऊन प्रवास करणार असाल तर याची तालीम आधी द्या.

कोणी घ्यावी? ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत, गाडी मुख्यतः शहरात फिरते, आणि चार-पाच माणसं बसून मागे सामान टाकायचं आहे, त्यांनी डोळे मिटून. रडार नको असेल तर एक पायरी खालचं मॉडेल घ्या, सेवा तीच मिळते. यंत्र तेच हवं पण दुसरा बिल्ला चालत असेल तर हीच गाडी जुलै २०२३ पासून मारुतीही इन्व्हिक्टो म्हणून विकते. ज्यांना वर्षाला पन्नास हजार किलोमीटर भाडं मारायचं आहे, खेड्यापाड्यात जायचं आहे, टपावर माल बांधायचा आहे, त्यांनी इनोव्हाचीच क्रिस्टा डिझेल बघावी, गिअरवाली. ती अजून लोखंडी चासीवर आहे.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात उंच पोरगा बरोबर न्या. म्हाताऱ्या माणसाला मधल्या रांगेत दोनदा चढवा-उतरवा, पोराला मागे बसवा आणि मधली खुर्ची पूर्ण झुकवा. मग घरून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा डिकीत ठेवून दार बंद होतंय का बघा. सेल्समन काच उघडून आकाश दाखवायला लागला तर त्याला म्हणावं, आधी हे बघू दे.